फाटकावरची थोरली

गावात शिरायला रस्ता एकच. एका अंगाला तळं, दुसऱ्या अंगाला सरळसोट कडा आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीतून वर आलेला डांबरी रस्ता. त्या रस्त्याच्या तोंडाशी लोखंडी फाटक, आणि फाटकाला चिकटून एक माणूस जेमतेम मावेल एवढी खोली. त्या खोलीत थोरली बसायची. सहलीला येणाऱ्या गाड्यांकडून माणशी प्रवेशकर घ्यायचा आणि फाटक वर करायचं, एवढंच तिचं काम. पण ती ते अशा थाटात करायची की नवख्याला वाटावं, हे तळं आणि हा कडा बाईच्या वडिलांनी बाईच्या नावावर करून दिलाय. गावात तिला सगळे नाकेवाली म्हणत. घरात मात्र ती थोरली होती, कारण घरात एक धाकटीही होती, आणि सगळं दुखणं तिथंच होतं.

सहलीची माणसं खिशानं कितीही जड असली तरी कर चुकवण्यात त्यांना कोण आनंद. पोरांना सीटखाली दडवतील, म्हातारीला गोधडीखाली झोपवून सामान म्हणून खपवतील. म्हणून थोरली काच खाली करायला लावायची, खिडकीतून खांद्यापर्यंत आत शिरायची आणि एकेकाचं तोंड न्याहाळायची. इतकी वर्षं हेच केल्यामुळे तिची नजर अशी तयार झाली होती की एकदा पाहिलेला चेहरा ती विसरत नसे. "तोंड दाखवा," हे तिचं ठरलेलं वाक्य. गावातली पोरं तिची नक्कल करायला लागली की आधी हेच म्हणायची, तेही तिच्यासारखी मान तिरकी करून.

धाकटी लग्न करून खालच्या शहरात गेली त्याला बरीच वर्षं झाली होती. दोघी बहिणींचे डोळे अगदी एकसारखे, मोठे आणि जरा खोल. पण नाकाखाली गणित बदलायचं. धाकटीची जिवणी नाजूक, हसली की गालाला खळी. थोरलीची हनुवटी पुढे आलेली आणि ओठ कायम मिटलेले, जणू आत्ताच कुणाशी भांडून आलीय. लहानपणी पाहुणे दोघींना शेजारी उभं करायचे, डोळ्यांचं कौतुक करायचे आणि मग धाकटीचा गालगुच्चा घ्यायचे. थोरलीचा गालगुच्चा कुणी घेतल्याचं तिला आठवत नव्हतं, आणि तिची आठवण चांगली होती.

थोरलीचं लग्न राहून गेलं. वडील गेल्यावर आई तिच्याकडे राहिली, म्हणजे खरं तर तीच आईकडे राहिली. आईचे गुडघे कामातून गेलेले, नजर अधू. सकाळी अंघोळ घालायची, गोळ्या द्यायच्या, शेजारच्या भाजीवालीला लक्ष ठेवायला सांगून फाटकावर जायचं, संध्याकाळी येऊन तेल चोळायचं. हे सगळं थोरली बिनतक्रार करायची. तक्रार एकच होती, आणि ती कुणापुढे बोलून दाखवण्यासारखी नव्हती. आईच्या तोंडी उठता-बसता धाकटी असायची. धाकटीनं आणलेली शाल किती मऊ. धाकटी फोनवर किती गोड बोलते. धाकटीच्या मुलाला म्हणे चित्रकलेत बक्षीस मिळालं. धाकटी वर्षातून दोनदा यायची, दोन दिवस घरभर हसायची, आणि ती गेल्यावर पुढचा महिनाभर आई तिचं हसणं पुरवून पुरवून वापरायची. थोरली तोवर पाय चोळत असायची. तिला वाटायचं, मी खुर्चीसारखी झालेय. खुर्चीचं कुणी कौतुक करत नाही, ती मोडली तरच तिची आठवण येते.

मग तो आजार आला. आधी बातम्यांत आला, मग खालच्या शहरात. ऐन सहलींचे दिवस, हॉटेलं तुडुंब भरलेली, आणि गावात सगळे धास्तावलेले. काय करायचं ते ठरवायला सगळ्यात मोठ्या हॉटेलाच्या सभागृहात गाव जमलं, खुर्च्या लांब लांब मांडून. त्या हॉटेलाचे मालक, ज्यांना सगळे काका म्हणत, ते आधी उठले.

"फाटक बंद करायचं म्हणजे गावाचं तोंड शिवायचं," काका म्हणाले. "आपण पाहुण्यांवर जगतो. आजारानं मरायच्या आधी उपासानं मरू. आणि आजार काय फाटक बघून थांबतो का?"

"तो पायी कडा चढून येत नाही काका, गाडीत बसून येतो," दवाखान्याच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. "फाटक लावून तो कायमचा थांबेल असं मी म्हणत नाही. पण उशिरा येईल, थोडा थोडा येईल. आपल्याकडे एक दवाखाना आणि त्यात मी एकटी. सगळे एकदम आजारी पडले तर मी कुणाकुणाला पुरणार?"

"मग किती दिवस बंद ठेवायचं?" टॅक्सीवाल्यानं विचारलं. ते कुणालाच माहीत नव्हतं. सभागृहात कुजबुज सुरू झाली. अर्धे काकांच्या बाजूचे, अर्धे डॉक्टरबाईंच्या, आणि उरलेले शेजारचा काय म्हणतो ते बघणारे.

आता हे सांगायलाच हवं की त्याच दिवशी सकाळी धाकटीचा फोन आला होता. "ताई, इथं सगळं बंद होतंय. मुलाची शाळा बंद, ह्यांचं काम घरून. मी सरळ आईकडे येऊन राहते म्हणते, दोन-तीन महिने." आईकडे, म्हणाली ती. तुझ्याकडे म्हणाली नाही. थोरलीच्या डोळ्यांपुढे ते दोन-तीन महिने उभे राहिले: धाकटी आईच्या पलंगावर मांडी घालून बसलेली, आई लहान मुलीसारखी खिदळतेय, आणि आपण स्वयंपाकघरात भांडी घासतोय. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. सभेला ती आली ती तसाच जळता निखारा पोटात घेऊन.

ती उठून उभी राहिली. "उघडंच ठेवायचं असेल तर मग नाका कशाला पाहिजे? बंद म्हणजे बंद. गावात राहतो तो गावचा. गावात जन्मला पण बाहेर राहतो, तो पाहुणा. नातं सांगून कुणी आत येणार नाही. माझी सख्खी बहीण खाली शहरात आहे. ती आली तरी मी फाटक उघडणार नाही."

सभागृहात टाळ्या पडल्या. काकासुद्धा खाली बसले. सख्ख्या बहिणीला दाराबाहेर ठेवायला निघालेल्या बाईपुढे हॉटेलाच्या रिकाम्या खोल्यांचं रडगाणं कोण गाणार? भाजीवालीनं डोळ्यांना पदर लावला. गावाला वाटलं, काय हा त्याग. थोरलीनं त्याग वगैरे काही केला नव्हता. तिला जे हवं होतं, तेच तिनं सगळ्या गावाकडून टाळ्यांच्या गजरात मंजूर करून घेतलं होतं.

पाहुण्यांना परत पाठवलं आणि फाटक लागलं. दूधवाल्याला आणि किराण्याच्या टेम्पोला तेवढी ये-जा होती, आणि गावच्या कुणाला खाली मोठ्या दवाखान्यात जावं लागलं तर त्याला. डॉक्टरबाईंनी थोरलीला बजावून सांगितलं होतं, "सगळ्यांनी मास्क लावायचा, तू लांब उभं राहायचं. गावची माणसं तुला चालीवरूनसुद्धा कळतील." ते खरंच होतं, आणि सुरुवातीला थोरली तसंच करायची. फाटकाच्या खांबाशी उभी राहून ती हात हलवायची, पलीकडचा हात हलवायचा, फाटक वर जायचं. गाव कधी नव्हे इतकं शांत झालं. तळ्याकाठच्या बाकांवर धूळ बसली. आजारी मात्र कुणी पडलं नाही, आणि लोक येता-जाता थोरलीला म्हणायचे, "तू आहेस म्हणून आम्ही आहोत." असं कौतुक तिला सवयीचं नव्हतं. ती घरी जाऊन ते आईला सांगायची. आई म्हणायची, "हो का? धाकटीला कळवलंस का? तिला फार आनंद होईल."

आणि एका दुपारी धाकटी आलीच. गाडी खाली वळणावर सोडून, हातात पिशवी घेऊन, चालत. थोरलीनं मान वर केली. फाटकापलीकडे, पिवळ्या मास्कच्या वर, तिचेच डोळे तिच्याकडे बघत होते. आरशात बघावं तसं क्षणभर झालं. मग त्या डोळ्यांच्या कडा हसल्यासारख्या झाल्या आणि थोरलीला कळलं.

"ताई, तपासणी करून आलेय. काही नाहीये मला. हवं तर मागच्या खोलीत वेगळी राहते, आईला लांबूनच बघते."

"नियम आहे."

"माहितेय गं. तूच केलास म्हणे. फोनवर भाजीवाली सांगत होती, अख्ख्या गावानं टाळ्या वाजवल्या." तिच्या आवाजात टोमणा नव्हता, उलट अभिमान होता, आणि तोच थोरलीला जास्त झोंबला. "मग असं कर, आईला इथपर्यंत आण. मी इकडे उभी राहते, ती तिकडे. पाच मिनिटं."

"तिच्यानं चालवत नाही आता," थोरली म्हणाली. हे धादांत खोटं होतं. आई काठी टेकत रोज संध्याकाळी भाजीवालीच्या दारापर्यंत जायची.

धाकटीनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग तिनं मास्कच्या वर डोळे पुसले. "बरं. मी आले होते हे तिला सांगू नकोस. उगाच जिवाला लावून घेईल." एवढं बोलून ती उताराला लागली. थोरली तिच्या पाठीकडे बघत राहिली. बहिणीला परत पाठवल्याचं वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही असतं. पण जाता जाता चांगुलपणाही तीच करून गेली होती. न सांगण्याचं पाप थोरलीला स्वतःच्या डोक्यावर घ्यायचं होतं, तेसुद्धा धाकटीनं हातातून काढून घेतलं. संध्याकाळी तेल चोळताना थोरलीचे हात जरा जोरातच चालले आणि आई कण्हली.

गोष्ट इथं थांबली असती तर बरं झालं असतं. पण दुसऱ्या दिवशी किराणावाला नाक्यावर येऊन म्हणाला, "काय नाकेवाली, भाव खायला लागलीस का? काल फाटकाच्या बाहेरच्या बाजूला दिसलीस, एवढ्या हाका मारल्या, वळूनही पाहिलं नाहीस."

"मी कुठे बाहेर गेले होते?"

"अगं तूच होतीस. पिवळा मास्क लावून. मला काय तुझे डोळे माहीत नाहीत का?"

थोरली हसली आणि तिनं विषय बदलला, पण ते वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. नाकाखालचा भाग झाकला की धाकटी म्हणजे थोरलीच. खळी झाकली, जिवणी झाकली, आता तिच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला? तिनं डोक्याला रुमाल गुंडाळला आणि दूधवाल्याच्या शेजारी बसून आली तर? दूधवाला तर लहानपणापासून तिच्यावर भाळलेला, तिच्यासाठी तो कशालाही तयार होईल. किंवा भाजीवालीची मावशी म्हणून येईल. एकदा घरात शिरली की आई तिला बाहेर काढू देणार आहे थोडीच? रात्रभर तिनं धाकटीला नाना वेषांत फाटकातून आत घेतलं आणि सकाळी उठली ती तांबारलेले डोळे घेऊन.

त्या दिवसापासून थोरली खांबाजवळून हलली आणि पुन्हा गाडीच्या खिडकीशी गेली. "तोंड दाखवा."

"मास्क काढू?" दूधवाल्यानं विचारलं.

"काढा. मास्कच्या आड कोण आहे मला काय कळणार?"

"अगं, मी रोज येतो."

"रोज येणाऱ्याच्याच आड कुणीतरी येतं. शेजारी कोण बसलंय? त्यालाही काढायला सांगा."

बघणाऱ्यांना वाटलं, काय कडक बाई आहे. आधी नुसता हात हलवायची, आता एकेकाला निरखून घेते. कुणी कुरकुर केली नाही, उलट डोक्यावर घेतलं तिला. मास्क खाली येत, थोरली खिडकीतून खांद्यापर्यंत आत शिरे, जिवणी बघे, गाल बघे, खळी नाही याची खात्री करून घेई आणि मगच फाटक वर करी. स्वतःचा मास्कही ती बोलताना हनुवटीवर ओढायची, कारण आतून बोललेलं समोरच्याला नीट ऐकू जात नसे. डॉक्टरबाई दिवसभर दवाखान्यात असायच्या, त्यांच्या कानावर हे गेलं नाही. आणि धाकटी खाली शहरात आपल्या घरी मुलाचा अभ्यास घेत बसली होती. वेष पालटून आत शिरायचं तिच्या मनात येणंही शक्य नव्हतं.

एकदा किराण्याच्या टेम्पोवर नवीन चालक आला. थोरलीनं त्याचं तोंड पाहिलं, मागच्या पोत्यांमागे कुणी दडलंय का म्हणून आत वाकून पाहिलं. चालक तिच्या कानाशी खोकत होता. "धूळ गेली घशात," तो म्हणाला. मागे दूधवाला उभा होता, त्याच्यामागे खालून औषधं घेऊन आलेला न्हावी. तिघांची तोंडं थोरलीनं नीट तपासली. तिघांतही धाकटी नव्हती.

काही दिवसांनी सकाळी आई पलंगावरून म्हणाली, "अगं थोरले, दूध करपतंय." थोरली शेगडीसमोरच उभी होती. भांड्यातून धूर निघत होता आणि तिला काहीच वास येत नव्हता. तिनं कांदा चिरून नाकाशी धरला. डोळ्यांतून पाणी आलं, पण वास नाही. तिनं पदर तोंडाला लावला आणि ती आईपासून भिंतीपर्यंत मागे सरकली. "काय झालं गं?" आई विचारत राहिली.

दूधवाला त्याआधीच तापानं पडला होता, न्हावीही. थोरलीची तपासणी झाली आणि तिला काकांच्या हॉटेलात नेलं. रिकाम्या हॉटेलाचा आता आजाऱ्यांसाठी उपयोग होत होता. तळ्याकडे तोंड केलेली खोली, मऊ गादी, पांढरीशुभ्र चादर, आणि भिंतीएवढा आरसा. या खोलीसाठी थोरलीनं फाटकावर हजारोंना आत सोडलं होतं, स्वतः मात्र कधी पायरीही चढली नव्हती. दूधवाल्याला दम लागला म्हणून त्याला खाली मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं. पुढे तो बरा होऊन आला, पण दुधाचा कॅन उचलायची ताकद यायला त्याला फार वेळ लागला.

डॉक्टरबाई दारात उभ्या राहूनच बोलल्या. चिडलेल्या होत्या, आणि ते लपवतही नव्हत्या.

"फाटक बंद केल्यानं फायदा झाला की नाही, असं मला कालपासून सगळे विचारताहेत. झाला. आसपासच्या गावांत घरोघरी माणसं पडलीत, आपल्याकडे इतके दिवस कुणी नव्हतं. पण जो आला तो फाटकावरच आला. जे आजारी पडले ते सगळे तुझ्याकडे तोंड उघडं करून गेलेले. मी तुला लांब राहायला सांगितलं होतं ना? मास्क का काढायला लावलास?"

थोरलीनं चादरीची सुरकुती सारखी केली. काय सांगणार? बहिणीची खळी शोधत होते?

"ओळख पटावी म्हणून," ती शेवटी म्हणाली.

"गावची शेंबडी पोरंसुद्धा तू पाठीवरून ओळखतेस," डॉक्टरबाई म्हणाल्या. थोरलीनं मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःची खरोखर लाज वाटली. दूधवाल्याचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

मग काका दारात आले. त्यांच्या मागे भाजीवाली उभी होती, तोंडाला पदर घट्ट लावून. आईची तपासणी झाली होती. तिला लागण नव्हती, पण अजून काही दिवस नजर ठेवायला हवी होती. प्रश्न आईजवळ राहायचं कुणी, हा होता. तिला उठवायचं, अंघोळ घालायची, गोळ्या द्यायच्या. भाजीवाली दाराशी ताट ठेवायला तयार होती, आत जायला नाही. दुसरं कुणीही तयार नव्हतं, आणि त्यांना दोष देता येत नव्हता.

"एकच माणूस आहे," काका म्हणाले. "तिनं मला तीन वेळा फोन केलाय. पण नियम तू घातलास, म्हणून तुला विचारतोय. धाकटीला आत घेऊ का?"

थोरलीनं तळ्याकडे पाहिलं. नाही म्हणायची सोय होती, अख्खं गाव साक्षीला होतं. क्षणभर, खरंच क्षणभर, तिच्या मनात आलं की भाजीवालीला जरा आग्रह करून बघावा. तेवढ्यात तिला आई दिसली, एकटी पलंगावर, हातानं चाचपत काठी शोधणारी. आई पडली तर तिला उचलायला घरात कुणी नाही. 

"घ्या," ती म्हणाली. "आणि फाटकावर जो कोण असेल त्याला सांगा, तिला मास्क काढायला लावू नका."

त्याच संध्याकाळी तिनं सज्ज्यातून धाकटीला आत येताना पाहिलं. फाटकावर वीजवाला होता. त्यानं लांबूनच हात हलवला आणि फाटक वर गेलं. एवढंच. धाकटी पिशवी घेऊन झपाझप चालत घराच्या गल्लीत शिरली आणि दिसेनाशी झाली. आता दार उघडेल, आता आई म्हणेल, माझी धाकटी आली. थोरली सज्ज्यातून आत आली आणि पांढऱ्या चादरीवर पडून रडली. तापानं रडले, असं तिनं स्वतःला सांगितलं, पण ताप त्या दिवशी उतरला होता.

पुढचे दिवस तिनं जळण्यात घालवले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. आत्ता आई अंघोळ करून बसली असेल. आत्ता धाकटी तिचे केस विंचरत असेल. आत्ता दोघी हसत असतील, आणि हसता हसता धाकटी सांगेल, ताईनं मला फाटकावरून हाकललं. सांगणारच. ती काय जन्मभर चांगली राहणार आहे? फोन घेऊन ती कितीदा तरी नंबर लावायची आणि वाजायच्या आत बंद करायची.

शेवटी धाकटीचाच फोन आला. आवाज बसलेला होता.

"कशी आहेस ताई?"

"बरी आहे. आई?"

"आईची दुसरी तपासणीही चांगली आली." थोरलीनं डोळे मिटले. धाकटी मग भडाभडा बोलायला लागली. "पण तिला माझं काही म्हणजे काही पटत नाहीये गं. पाणी गरम झालं की म्हणते, थोरली इतकं गरम देत नाही. उशी ठेवली की म्हणते, अशी नाही, थोरलीला विचार. मी पाय चोळायला घेतले तर म्हणते, राहू दे, तू पाहुणी आहेस, दमशील. दिवसभर एकच, थोरली जेवली असेल का, थोरलीला त्या गादीवर झोप लागत असेल का. मी समोर बसलेय ताई. मी एवढी धडपडत आले, आणि मी समोर बसलेय."

थोरली उठून बसली. छातीत काहीतरी हललं, आणि तो आजार नव्हता.

"असं म्हणते?"

"आणि काल मी चुकले. रागाच्या भरात सांगून टाकलं तिला, की मी आले होते आणि तू मला परत पाठवलंस. सांगू नकोस असं मीच तुला म्हटलं होतं, आणि मीच सांगितलं."

थोरलीनं फोन कानाशी घट्ट दाबला. "मग? काय म्हणाली?"

"म्हणाली, थोरलीनं पाठवलं ना, मग काहीतरी विचार करूनच पाठवलं असेल." धाकटी रडत होती. "तू तिच्या जिवात किती आहेस, तुला माहीत नाही. मला नेहमीच तुझा हेवा वाटत आलाय."

आता बोलायला हवं होतं. अगं, मी काही विचार केला नव्हता, मी जळत होते, आईला तुझी होऊ द्यायची नव्हती, आणि त्या जळण्यापायी दूधवाला मरता मरता वाचला. हे सगळं थोरलीच्या जिभेवर आलं होतं. पण आई आपल्याला शोधतेय, ही गोष्ट इतकी नवी होती, इतकी गोड होती, की तिच्यात दुसरं काही मिसळायचं तिच्या जिवावर आलं.

"रडू नकोस," ती म्हणाली. "पाणी कोमट कर. आणि उशी उभी ठेव, तिला मानेला आधार लागतो." त्यापलीकडे ती काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरबाई खोलीत आल्या, या वेळी आतपर्यंत. थोरलीची तपासणी चांगली आली होती. "चल, सुटलीस," त्या म्हणाल्या. "आज घरी जा. बहिणीला तिच्या मुलाकडे जायचंय, तूही आईला भेटशील."

थोरलीनं पाय खाली सोडले. चपला पायात सरकवल्या. घर तिला दिसत होतं: आपण दारातून आत जाणार, आई हात पुढे करणार, धाकटी पिशवी उचलून उताराला लागणार. संध्याकाळी आपण आईचे पाय चोळणार आणि आई सुस्कारा टाकून म्हणणार, धाकटी पोचली असेल का गं? आपण घरी असू, रोज असू, आणि म्हणून आपल्याबद्दल विचारण्यासारखं काहीच उरणार नाही.

तिनं चपला पुन्हा काढल्या आणि छातीवर हात ठेवला. "डॉक्टरबाई, अजून जरा खोकला वाटतोय."

डॉक्टरबाईंनी नळी लावून पुढून ऐकलं, पाठीमागून ऐकलं. "मला तर काही ऐकू येत नाही."

थोरली खोकली. खोकला कोरडा आला, पण आला.

"बरं," डॉक्टरबाई म्हणाल्या, "मग अजून दोन दिवस राहा. घरी मी कळवते."

"आईलाच सांगा," थोरली म्हणाली, "धाकटीला नको." मग तिनं पांढरं पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं, फोन उशाशी ठेवला आणि तो कधी वाजतोय याची वाट बघत पडून राहिली.